साडेदहा टक्के कोण देतं, आणि का?

पत्र: माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यातून गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्यांना साठ पूर्ण झाली, मी ५६ वर्षांची आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून ३८ लाख आले आहेत, ते सध्या बचत खात्यातच आहेत. पेन्शन तीन हजारांच्या आत. जेल रोडच्या आमच्या फ्लॅटचे सहा लाख फेडायचे आहेत, व्याज ८.४ टक्के, हप्ता १२,८००. राष्ट्रीयीकृत बँक ज्येष्ठ नागरिकांना ६.९ टक्के देते. माझे दीर निफाडकडच्या एका पतसंस्थेत संचालक आहेत, तिथे १०.५ टक्के मिळतात. भाऊजी म्हणतात, 'वहिनी, बँक तुमच्याकडून सातने घेते, नऊने देते आणि मधले दोन टक्के खिशात घालते. आम्ही ते तुम्हाला देतो.' ह्यांचं म्हणणं, सगळे तिथेच ठेवू आणि घराचा हप्ता व्याजातून भरू. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो म्युच्युअल फंडात टाका. मला यातलं कळत नाही, पण भीती वाटते. बँक खरंच आपल्याला लुबाडते का? आणि बँक बुडायची वेळ आली तर सरकार नोटा छापून देणार नाही का? नोटांची प्रेस तर आमच्या घराजवळच आहे. आणि ह्यांना काशीला जायचंय, त्याचेही पन्नास हजार यातूनच काढायचेत. – एक वाचक, नाशिकरोड

ताई,

कळत नाही असं लिहून तुम्ही पत्रात नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारलाय. बँकेतल्या कारकुनापासून रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपर्यंत सगळ्यांचा धंदा त्या एका प्रश्नावर चालतो: एकाच शंभर रुपयांना इथे सहा नव्वद आणि तिथे साडेदहा का?

आधी भाऊजींचा हिशेब पाहू, कारण तो अर्धा बरोबर आहे. बँक स्वस्तात घेते आणि महागात देते, यात लपवण्यासारखं काही नाही. पण मधला सगळा पैसा खिशात जात नाही. तुम्ही ठेवलेल्या शंभरातले तीन रुपये बँकेला रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागतात, त्यावर तिला छदाम मिळत नाही. अठरा रुपये सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित जागी ठेवणं बंधनकारक आहे, तिथे कर्जापेक्षा कमी व्याज सुटतं. उरलेल्यातून कर्जं द्यायची, त्यातली काही बुडणार हे गृहीत धरून तरतूद करायची, शाखांची भाडी, पगार, संगणक. एवढं करून तुम्ही उद्या सकाळी एफडी मोडायला गेलात तर पैसे लगेच मोजून द्यायचे, मग ते कुणाच्या वीस वर्षांच्या गृहकर्जात का गुंतलेले असेनात. अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीला लावणं आणि तरी मागाल तेव्हा परत देणं, ही बँकेने केलेली खरी सेवा. तिची किंमत त्या दोन टक्क्यांत आहे.

लुबाडणूक शोधायचीच असेल तर बचत खात्यात शोधा. तिथे मोठ्या बँका सध्या अडीच टक्क्यांच्या आसपास देतात. तुमचे ३८ लाख महिनाभर तिथे पडून आहेत. साध्या एफडीशी तुलना केली तरी दर महिन्याला जवळपास चौदा हजार रुपये जातायत. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. घरातली चर्चा लांबते आहे तोवर किमान ४६ किंवा ९१ दिवसांची एफडी तरी करून टाका. हे पत्र वाचून झाल्यावर बाकी काही नाही केलंत तरी एवढं करा.

आता साडेदहा. पतसंस्था तुम्हाला १०.५ देते, म्हणजे पगार, भाडं, बुडीत कर्जं धरून तिला कर्जं निदान चौदा-पंधरा टक्क्यांनी द्यावी लागतात. मग मला सांगा, पंधरा टक्क्यांनी कर्ज कोण घेतं? ज्याला बँक नऊ-दहाने देते तो कशाला येईल? येतो तो, ज्याला बँकेने परत पाठवलेलं असतं. व्याजाचा दर जसजसा वाढवाल तसतसे चांगले कर्जदार रांगेतून निघून जातात आणि 'कितीही व्याज लावा, पण द्या' म्हणणारे उरतात. फेडायची धास्ती नसलेल्याला दराचं काय? जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हे गणिताने मांडलं. स्टिग्लिट्झना पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी, म्हणजे व्यवहारातल्या एका बाजूला जास्त माहिती असली की बाजार कसा वाकडा चालतो यासाठी. म्हणून शहाणी बँक दर वाढवून सगळ्यांना कर्ज देत नाही, ती दर ठरावीक ठेवते आणि काहींना नाही म्हणते.

पण पतसंस्थेला वाईट ठरवून मोकळं होणंही बरोबर नाही. बँकेने परत पाठवलेला प्रत्येक जण बुडवाच असतो असं थोडंच आहे? रविवार कारंजावर हातगाडी लावणारा, ओझरला छोटं गॅरेज चालवणारा, सातबारावर तीन भावांची नावं असलेला द्राक्षबागायतदार, यांच्याकडे बँकेला हवे ते कागद नसतात. पतसंस्थेचा संचालक मात्र त्यांना ओळखतो. कुणाची बाग नीट आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, कुणाने मागचे पैसे वेळेवर फेडले, हे त्याला तोंडपाठ असतं. बँकेला न मिळणारी माहिती त्याच्याकडे फुकट येते, आणि त्या माहितीवर चांगली पतसंस्था खरोखर चांगली चालते. नाशिक जिल्ह्यात अशा संस्थांनी अनेक संसार उभे केलेत.

अडचण निराळीच आहे, आणि ती तुमच्या भाऊजींच्या सचोटीशी निगडित नाही. निफाडकडच्या पतसंस्थेचे कर्जदार कोण? द्राक्षवाले, कांदेवाले, त्यांना खतं-औषधं विकणारा दुकानदार, त्यांचा माल वाहणारा टेम्पोवाला, आणि त्यांच्या हातात पैसा असेल तेव्हाच गिऱ्हाईक येतं असा कापडवाला. कागदावर ही पाचशे वेगवेगळी कर्जं, पण पोटात सगळ्यांच्या तीच दोन पिकं. २०२३ चा हिवाळा आठवा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गारपीट झाली आणि निफाड भागातल्या बागा झोडपल्या गेल्या. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेवर झालेला सगळा खर्च नेमका तेव्हा झाडावर लटकत असतो. त्यातून सावरायच्या आत ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यातबंदी लागू केली आणि लासलगावला भाव कोसळले. बंदी उठली ती २०२४ च्या मे महिन्यात. दोन आठवड्यांच्या आत द्राक्ष आणि कांदा दोन्हीवर घाव. अशा वर्षी पाचशेतले पाचदहा कर्जदार थकत नाहीत, शेदोनशे एकदम थकतात. संचालक कितीही सज्जन असो, कर्जदार कितीही ओळखीचे असोत, गारा ओळख पाहून पडत नाहीत.

राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं निफाडला आहेत तशी नोएडालाही आहेत आणि नागरकोइललाही. इथली गारपीट तिच्या वहीत एका ओळीची असते. तुम्ही बँकेत ६.९ घेता आणि ३.६ टक्के सोडता, ते या पसरलेल्या वहीसाठी.

हे साडेतीन टक्के स्वस्त की महाग, तेही काढून पाहू. सोयीसाठी धरू की संस्था बुडाली तर सगळे जातात आणि तगली तर पूर्ण व्याज मिळतं. मग दरवर्षी बुडण्याची शक्यता शंभरात सव्वातीन असेल तर साडेदहा आणि सहा नव्वद सरासरीने सारखेच पडतात. त्याहून जास्त असेल तर साडेदहाचा व्यवहार तोट्याचा. शंभरात सव्वातीन ऐकायला किरकोळ वाटतं. पण तुम्हाला हे पैसे वीस वर्षं पुरवायचे आहेत. वर्षाला सव्वातीन टक्के धोका वीस वर्षं साठत गेला की मधल्या कुठल्यातरी वर्षी बुडण्याची शक्यता जवळपास निम्मी होते. भाऊजींची संस्था याहून मजबूत असेलही. ते कसं तपासायचं ते पुढे सांगते. आणि ही सरासरी शंभर संस्थांत पैसे वाटून ठेवणाऱ्याला लागू होते. तुमच्या घरात निवृत्ती एकदाच येते. ३८ चे ४२ लाख झाले तर तुमचं जगणं फारसं बदलत नाही, ३८ चे शून्य झाले तर सगळंच बदलतं.

नोटांच्या प्रेसचा तुमचा प्रश्न मला फार आवडला. जेल रोडवर राहणाऱ्या माणसाला तो सुचणारच. १९२० च्या दशकापासून तुमच्या शेजारी नोटा आणि मुद्रांक छापले जातायत. पण आपण ज्याला पैसा म्हणतो त्यातला बहुतेक भाग कधी छापलाच जात नाही, त्या बँकांच्या खातेवहीतल्या नोंदी असतात. बँक कर्ज मंजूर करते तेव्हा कर्जदाराच्या खात्यात रक्कम जमा दाखवते आणि तिथे नवा पैसा जन्मतो. बँक अडचणीत येते तेव्हा नोटा कमी पडतात हा वरवरचा भाग. मुळात कर्जदाराकडून परत यायची रक्कम येत नसते, आणि ते भोक नाशिकरोडच्या कागदाने बुजत नाही. बुजवायचा प्रयत्न झालाच तर त्याची किंमत महागाईच्या रूपाने तुम्हीच भाजीबाजारात मोजता.

बँका बुडू दिल्या जात नाहीत असंही नाही. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ मध्ये ठेवींचा विमा सुरू झाला. पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. तिची सत्तर टक्क्यांहून जास्त कर्जं एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. निफाडला पिकं दोनच, तिथे बिल्डर एकच. रोग तोच. अशी बातमी फुटली की रांग लागते, आणि रांग लागली की धडधाकट बँकही कोसळू शकते, कारण सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी कुठल्याच बँकेकडे नसतात. ही रांग का लागते आणि विम्यामुळे ती का थांबते, हे उलगडणाऱ्या डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांना २०२२ चं नोबेल मिळालं, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख बर्नँकी यांच्यासोबत.

तो विमा आज असा आहे: ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज मिळून, सगळ्या शाखा एकत्र धरून. नाशिकरोड शाखेत पाच आणि कॉलेज रोड शाखेत पाच ठेवले तरी विमा पाचच. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. संयुक्त खात्यात एक बारकावा आहे. 'हे आणि तुम्ही' अशा क्रमाने एक खातं आणि 'तुम्ही आणि हे' अशा क्रमाने दुसरं असेल तर दोन्ही वेगळी धरली जातात. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा नाही. नावात सहकारी आहे, भिंतीवर व्याजदराचा फलक आहे, पासबुक तसंच दिसतं, तरी नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही, सहकार खात्याच्या येते. साडेदहा टक्क्यांचा मोठा वाटा 'विमा नाही' या एका वाक्याचं मोल आहे.

म्हणजे ह्यांची योजना नीट बघा. ८.४ टक्क्यांचं कर्ज चालू ठेवायचं आणि तोच पैसा १०.५ ने पतसंस्थेत. सहा लाखांवर वर्षाला १२,६०० सुटतात. त्यासाठी राहतं घर बँकेकडे गहाण ठेवून, विम्याशिवाय आणि तारणाशिवाय पतसंस्थेला उधार देताय. ठेव म्हणजे आपण संस्थेला दिलेलं कर्जच असतं. आणि भाऊजी तुम्हाला काय तारण देतायत? नातं. ते कुठल्याच न्यायालयात वसूल होत नाही.

मी काय केलं असतं ते सांगते. पहिल्यांदा सहा लाखांचं कर्ज फेडलं असतं. ८.४ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे बिनधोक ८.४ टक्के मिळवणं, आणि आज कुठलीच मोठी बँक तुम्हाला तेवढे देत नाही. कर्ज बदलत्या दराचं असेल तर मुदतपूर्व फेडीवर दंड घेता येत नाही. हप्त्याचे १२,८०० दर महिन्याला घरात राहतील, आणि उरलेल्या पाचेक वर्षांत व्याजापोटी जाणारे सव्वा लाखाहून जास्त वाचतील. पुरुषमंडळींना एफडी मोडवत नाही आणि कर्ज फेडवत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. हातात मोठी रक्कम दिसत राहावी असं वाटतं बहुधा.

मग २२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत. मर्यादा ३० लाखांची आहे, व्याज ८.२ टक्के. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं तुमच्यासाठी कायम. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीपासून रेपो दर (ती बँकांना ज्या दराने उधार देते तो) साडेसहावरून डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आणला, एफडीचे दर त्यामागे खाली आले, म्हणून आत्ता पाच वर्षांसाठी दर बांधून घेण्याला अर्थ आहे. २२ लाखांवर दर तिमाहीला ४५,१०० रुपये खात्यात येतील. खातं ह्यांच्या नावाने उघडा आणि तुमचं नाव संयुक्त घाला, जोडीदाराला वयाची अट नाही. एकच मोठं खातं मात्र उघडू नका, तीन वेगवेगळी उघडा. यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, मोडायचं तर पूर्ण खातं मोडावं लागतं, आणि वर्षानंतर मोडलं तर मुद्दलाच्या दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का कापला जातो. पहिल्या वर्षाच्या आत मोडलंत तर दिलेलं व्याजही वसूल होतं.

साडेचार लाख बँकेत, दीड-दीड लाखाच्या तीन एफडी करून एक, दोन आणि तीन वर्षांच्या. साडेचार अशासाठी की व्याज धरूनही पाचाच्या विम्यात राहावं. दवाखान्याची वेळ आली तर हा पैसा आधी.

मुलाचं म्हणणंही पूर्ण उडवून लावू नका. व्याज ८.२ आणि महागाई पाच धरली तर खरी वाढ तीनच टक्के, आणि ते व्याज तुम्ही खर्च करणार असल्याने मुद्दल तर वाढणारच नाही. पाच टक्क्यांनी किमती चौदा-पंधरा वर्षांत दुप्पट होतात. त्यासाठी चार लाख साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, एकदम नाही, वर्षभर थोडे थोडे. दहा वर्षं लागणार नाहीत असेच पैसे तिथे घाला. सगळे ३८ तिथे घालायला सांगणाऱ्या मुलाचा पगार दर महिन्याला येतो. तुमचा थांबलाय.

आणि एक लाख भाऊजींच्या पतसंस्थेत. ही रक्कम मी हिशेबाने काढलेली नाही. उद्या गेली तरी दिवाळीला एका पंगतीत बसता येईल, एवढीच ती असावी. पण ठेवण्याआधी सभासद म्हणून संस्थेचा वार्षिक अहवाल मागा, सभासदाला तो पाहायचा हक्क आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. ऑडिटचा वर्ग अ आहे की ब, हे बघा. क किंवा ड असेल तर तो एक लाखही नको. थकीत कर्जं किती आणि त्यातली द्राक्ष-कांद्यात किती. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय. आणि मागच्या काही वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून बघा, २०२३-२४ मध्ये थकबाकी उडी मारून वर गेली आणि पुढच्या वर्षी खाली आली का? आली असेल तर संस्थेला गारपीट पचवता येते. भाऊजी हे कागद आनंदाने दाखवत असतील तर चांगली खूण. 'घरच्या माणसावर विश्वास नाही का?' असं म्हणाले तर हात जोडून विषय बदला.

उरलेल्या पन्नास हजारांचं यजमानांनी आधीच ठरवलंय, ते काशीला जाऊ द्या.

भाऊजींना काय सांगायचं, हे अवघड वाटत असेल तर माझ्यावर ढकला. सांगा की कर्ज फिटल्याशिवाय कुठेच मोठी ठेव ठेवायची नाही असं ठरलंय. ते खरंही आहे, आणि तुमच्या वतीने मी दिलेला नकार कोणाला थेट लागत नाही. पोस्टात जाताना दोघांचंही आधार, पॅन, फोटो आणि ह्यांच्या वयाचा पुरावा न्या. बँकेतल्या तिन्ही एफडींवर नॉमिनीचं नाव भरलंय का ते पावतीवर वाचून घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नावं देता येतात, मुलाचं आणि तुमचं दोन्ही टाका.